बत्तासा आणि उंचाड्याचा मानाचा फेटा

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. गळ्याशपथ. मी स्वतः तिथे हजर होतो, अगदी पुढच्या रांगेत. कधी घडली म्हणाल तर फार पूर्वी, माझ्या पणजोबांना मिसरूड फुटायचं होतं तेव्हा. मग मी तिथे कसा? बरं, पुढच्या रांगेत नसेन, जरा मागे असेन. पण गोष्ट खरी आहे. निदान ससा तरी खरा आहे. ससा खोटा असता तर मी तोंडच उघडलं नसतं.

तर, एका डोंगराच्या माथ्यावर उंचाडे नावाचं एक गाव होतं. या गावाला उंचीचं भारी वेड. घरांची जोती एवढी उंच की सकाळी पायऱ्या चढायला लागलेला पाहुणा जेवायच्या वेळेला दारात पोचायचा. बायका गच्चीवर पापड वाळत घालायच्या आणि त्यावर ढग येऊन बसायचे. मग हाकला त्यांना सुपाने! हे वेड कुठून आलं? तर गाव वसवणारा पहिला पाटील बुटका होता म्हणतात. त्याने म्हणे गाव वसवतानाच ठरवून टाकलं, की या गावात जे काही करायचं ते उंचावर करायचं.

उंचाड्यात चारचौघांत जमिनीवर बसणं म्हणजे नाक कापल्यासारखं होतं. पंगतीसुद्धा चौरंगांवर बसायच्या. रस्त्यात कुणाची पिशवी पडली तर तो वाकायचा नाही. "पडू दे, माझी नव्हतीच ती," म्हणायचा आणि ताठ मानेने पुढे जायचा.

या गावात घरोघरी ससे होते. कुत्र्यांना त्या पायऱ्या चढवेनात. मांजरं चढायची, पण उतरायला मागायची नाहीत. म्हणून ससे. आणि लोकांचा जीव होता हो सशांवर, खोटं कशाला बोलू? भाजीवाली आली की आधी सशाचा मुळ्याचा पाला, मग माणसांची भाजी.

थंडी सुरू झाली की एका दिवशी गावात 'उचलणी' असायची. सगळ्या घरांतले ससे वडाच्या पाराजवळ आणायचे. रंगूबाई नावाची जनावरांची वैदीण येऊन एकेकाचे दात, डोळे, कान, नखं आणि शेपटीखालची जागा तपासणार. कामाची गोष्ट होती, चांगली होती. पण उंचाड्याने तिलाही उंची लावली. ससा डोक्याच्या वर उचलून धरायचा, गोल फिरून अख्ख्या गावाला दाखवायचा, हलगी कडकडायची, टाळ्या पडायच्या. जो सगळ्यात उंच धरेल त्याला मानाचा फेटा. बिचारी रंगूबाई खाली उभी राहून मान वर करकरून बघायची. सशांचे दात तिला कधी दिसलेच नाहीत. पोटं मात्र सगळ्यांची तोंडपाठ होती.

आणि हा मानाचा फेटा वर्षानुवर्षं एकाच डोक्यावर होता. यमाजी पैलवानाच्या.

यमाजी म्हणजे दाराएवढा माणूस. त्याच्या सशाचं नाव बत्तासा. पांढराशुभ्र, गोल, वासराएवढा. यमाजीची खुबी काय होती, तर तो बत्ताशाला नुसता उचलायचा नाही. त्याला उताणा करायचा, पाठ तळहातावर, चारी पाय आभाळाकडे, आणि एका हाताने डोक्याच्या वर धरून उभा राहायचा. बत्तासा हलायचा नाही. कान नाही, मिशी नाही. जणू मेणाचा.

लोक म्हणायचे, "जादूचा हात आहे पैलवानाचा!"

यमाजी मिशीवर ताव देत म्हणायचा, "जादू कसली? भरवसा आहे त्याचा माझ्यावर. माझ्या हातावर त्याला झोप लागते."

एकच माणूस टाळ्या वाजवायचा नाही. यमाजीची थोरली बहीण, साळूआक्का. ती भावाजवळच राहायची आणि बत्ताशाचं सगळं तीच बघायची. आता तुम्हाला वाटेल, आक्का म्हणजे गरीब, गप्प बाई असेल. छे! गर्वात ती भावाच्या दोन पायऱ्या वरच होती.

"यमा," ती म्हणायची, "मी बत्ताशाला सांभाळते तसं राजाच्या राणीलासुद्धा कुणी सांभाळत नसेल."

आणि खरंच सांभाळायची. पिंजरा साफ करायचा असला की ती सशाला ओढून काढायची नाही. एक टोपली आडवी ठेवायची, आत कोथिंबिरीची काडी टाकायची आणि शेजारी भुईवर बसून राहायची. दार लावलेलं असायचं, त्यामुळे बघायला कोण होतं? बत्तासा आपल्या पायांनी टोपलीत जायचा. मग ती पिंजरा झाडायची, पुसायची, कोरडा करायची, नवं वाळलेलं गवत अंथरायची आणि शेवटी जुन्यातलं मूठभर गवत परत आत ठेवायची.

"सगळं घासूनपुसून परत घाण आत?" यमाजी हसायचा.

"घाण नाही रे. त्याच्या घराचा पत्ता आहे तो. सगळंच धुऊन टाकलं तर त्याला वाटेल, परक्याच्या घरी आलो."

एकदा यमाजीने उचलणीच्या आदल्या दिवशी बत्ताशाला शुभ्र दिसावा म्हणून घंगाळात आंघोळ घातली होती. पाण्यात पडलेल्या बत्ताशाचं होतं तेच झालं. वासराएवढा ससा मूठभर उरला, आणि कुडकुडायला लागला. आक्काने त्याला कोरड्या पंच्यात गुंडाळला, पोटाशी धरला आणि चुलीजवळ बसून राहिली. वर भावाला दिवसभर जे काही ऐकवलं, ते मी लहान मुलांच्या गोष्टीत लिहू शकत नाही. तेव्हापासून घंगाळाला कुलूप होतं. बत्ताशाला नुसता हलक्या हाताने कंगवा, आणि कुठे मळलंच तर ओल्या फडक्याने तेवढंच पुसणं.

पण उचलणीचं काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं. दर वर्षी उचलणी झाली की बत्तासा कोपऱ्यात तोंड घालून बसायचा. पाला पुढे केला तरी हुंगायचा नाही. आक्का छातीला बोट लावून बघायची, आत हलगीच वाजत असायची.

"घाबरलंय ते, यमा."

"घाबरलं असतं तर हातपाय झाडले असते. माझ्या हातावर मुंगीएवढं हलत नाही."

"घारीच्या पंजात सापडलेलं पाखरूही हलत नाही. मग काय ते घारीच्या प्रेमात पडलेलं असतं?"

"आक्का, मी घार नाही!"

"तुला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. बत्ताशाला कुणी सांगितलं?"

यमाजी रागावून तालमीत निघून जायचा. आक्का मागून ओरडायची, "माझ्या मांडीवर बसून मुळ्याचा पाला खातो तो! तुझ्या हातावर एक काडी तरी खाल्लीय का कधी?"

 हे ऐकलं की यमाजी जरा जोरात चालायचा.

त्या वर्षी भानगड झाली ती केरबा सुतारामुळे. केरबा होता ठेंगणा आणि सशासाठी फार हळवा, पण फेट्याची हाव त्यालाही होती. त्याने गुपचूप एक उंच घडवंची बनवली. उचलणीच्या दिवशी त्या घडवंचीवर चढून त्याने आपली काळी सशीण डोक्याच्या वर धरली. ती यमाजीपेक्षा हातभर उंच गेली.

गाव चाट पडलं. हलगी कडकडली. केरबा वरून म्हणाला, "काय पैलवान, खालून कसं दिसतंय? थंडी आहे का खाली?"

सगळे फिदीफिदी हसले. यमाजीचे कान लाल झाले. तो सरळ पाराच्या दगडी कठड्यावर चढला.

"यमा, उतर," आक्का म्हणाली.

"तू बाजूला हो."

"अरे, फेटा जाऊ दे चुलीत! उतर खाली!"

"आक्का, चारचौघांत बोलू नकोस. हा माझा नाही, घराण्याचा मान आहे."

आक्का बाजूला झाली नाही. ती कठड्याच्या अगदी खाली येऊन उभी राहिली. तिने पदर सोडून दोन्ही हातांत धरला.

यमाजी कठड्यावर टाचा उंच करून उभा राहिला. बत्ताशाला उताणा केला. एक हात आभाळात. बत्तासा मेणाचा झाला. केरबाची सशीण आता कुठच्या कुठे खाली राहिली. गाव वेडं झालं. टाळ्या, शिट्ट्या, आणि हलगीवाला तर एवढा रंगात आला की त्याने पाराच्या कठड्याजवळ येऊन हलगीवर टिपरू हाणलं. कडाडकड!

आणि बत्तासा जागा झाला.

सशाच्या मागच्या पायांत किती ताकद असते, हे ज्याने सशाला कधी धरलं नाही त्याला कळायचं नाही. बत्ताशाने हवेत एक लाथ झाडली. मागचं अंग मोकळं लटकत होतं, खाली आधार नाही. अंग पिळवटलं, पुन्हा एक लाथ, आणि पैलवानाच्या त्या जादूच्या हातातून बत्तासा सुटला.

तो आक्काच्या पदरात पडला. पदर नसता तर इथेच गोष्ट संपली असती. पण पदरातूनही तो उसळला, भुईवर आला आणि एक मागचा पाय फरफटवत पाराखालच्या दगडांच्या कपारीत घुसला.

हलगी थांबली.

"पाय ओढत गेला," कुणीतरी म्हणालं.

रंगूबाई पुढे आली. ती उगाच बडबडणारी बाई नव्हती, आणि म्हणून ती बोलली की लोकांना धडकी भरायची. "सशाची हाडं पोकळ काडीसारखी असतात, पैलवान. असं लटकून लाथ झाडली की कधीकधी पाठच मोडते. मोडली असेल तर माझ्याजवळ इलाज नाही. नसेल मोडली तर पाय बांधता येईल. पण हात लावून बघितल्याशिवाय मी काय सांगू?"

"मग काढू की बाहेर," यमाजी म्हणाला. 

"काढू नका. ओढलात आणि तो परत झटापटीला आला, तर नसलेली मोड होईल. त्याला आपणहून यायला हवं. आणि लवकर यायला हवं. सशाचं पोट सारखं चालतं राहावं लागतं. भीतीने खाणं सोडलं की आतलं सगळं थांबतं. मग पाठ शाबूत असूनही ससा हाती लागत नाही."

मग काय विचारता! अख्खं गाव सल्ले द्यायला लागलं.

"कान धरून ओढा, काही होत नाही."

"मागून काठी घाला."

"पाणी ओता कपारीत, येईल पळत."

"गाजर दाखवा, गाजर!"

एकाने गाजर दाखवलं. उभ्यानेच, वरून, हात लांब करून. कपारीत दोन डोळे चमकले आणि आणखी आत गेले. केरबा वाकून बघायला गेला, त्याची सावली कपारीवर पडली, डोळे आणखी आत. जो कुणी जवळ जाऊन उभा राही, त्याच्यामुळे बत्तासा वीतभर मागे सरके.

आक्का बसायला लागली. पण बत्तासा पडला तेव्हा त्याला झेलायच्या धडपडीत तिचा गुडघा दगडावर आपटला होता. तो टम्म सुजला होता आणि वाकतच नव्हता. तिने दात ओठांवर रोवले, पुन्हा प्रयत्न केला आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"यमा," ती म्हणाली. या वेळी हळू. "तुला बसावं लागेल."

यमाजीने चारी बाजूंना पाहिलं. सगळं उंचाडे ताठ मानेने उभं होतं. त्याच्या बापाने फेटा घातला होता, आजोबाने घातला होता. या चौकात त्यांच्या घराण्यातला माणूस कधी साधा गुडघ्यावरही आला नव्हता.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पैलवान, बूड टेकलं की फेटा केरबाला जातो हं. नियम आहे."

केरबा लगेच ओरडला, "मला नको तुमचा फेटा! आधी ससा बघा!"

यमाजीने कपारीकडे पाहिलं. आत दोन डोळे होते आणि ते त्याच्याचकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या डोळ्यांत नीट पाहिलं असेल. कारण उताण्या सशाचे डोळे खालून दिसत नाहीत. ते डोळे झोपेचे नव्हते. भरवशाचे तर मुळीच नव्हते. आणि पैलवानाला आक्काची घार आठवली.

तो खाली बसला.

बसला म्हणजे धपकन् नाही. हळूहळू, कठड्याला हात लावून, जसा एखादा जुना वृक्ष सावकाश झुकावा तसा.  बसूनही तो डोंगराएवढाच दिसत होता, तेव्हा तो धुळीत पालथा झोपला. हनुवटी मातीला टेकवली. आता त्याचे डोळे आणि सशाचे डोळे एका पातळीत आले.

"फेटा काढ," आक्का म्हणाली. "त्या तुऱ्याला घाबरेल."

यमाजीने फेटा काढला. तो फेटा एवढा लांब होता की पूर्ण उलगडला तर गावाला वेढा पडायचा. त्याने त्याची घडी घातली आणि कपारीच्या तोंडाशी गादीसारखी अंथरली. मखमली, जरीकाठी, घराण्याचा मान, मातीवर.

"आता काय करू, आक्का?"

"काही करू नकोस. तेच तर तुला येत नाही."

आणि साळूआक्काने कमरेच्या पिशवीतून मूठभर गवत काढलं. जुनं, पिंजऱ्यातलं, चुरगळलेलं. उचलणीहून परतल्यावर बत्ताशाला धीर यावा म्हणून ती दर वर्षी पिशवीतून बरोबर आणायची आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. ते तिने भावाच्या हातात दिलं. यमाजीने ते फेट्यावर पसरलं. घराचा पत्ता.

मग वाट पाहणं. ज्या माणसाने चालताना कधी कुणाला वाट दिली नव्हती, तो आता सशाची वाट पाहत पालथा पडला होता. ऊन सरकलं. कुठली तरी मुंगी त्याच्या मानेवर चढली, तो हलला नाही. कपारीतून आधी मिशा आल्या. मग नाक, थरथरणारं. नाकाने गवत हुंगलं. पैलवान हुंगला. परत गवत. मग बत्तासा दबकत, एक पाय अधांतरी धरून, मानाच्या फेट्यावर आला.

"आता उठून बस, पण सावकाश," आक्का कुजबुजली. "मांडी घाल. वरून झडप नको, हात बाजूने येऊ दे. एक हात त्याच्या छातीखाली. दुसरा मागच्या अंगाखाली. मागचं अंग लटकलं तर याद राख!"

"धरलं."

"फेट्यासकट घे. अंगाभोवती गुंडाळ, आवळू नकोस. आता पोटाशी लाव. चारी पाय तुझ्याकडे. त्याला वाटलं पाहिजे की भिंत आहे, खाली भुई आहे, पडायला जागाच नाही."

यमाजीने बत्ताशाला पोटाशी घेतलं.  

रंगूबाई आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत जमिनीवर बसली. तिने बोटांनी बत्ताशाची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत चाचपली. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"पाठ शाबूत आहे," ती म्हणाली. "पाय मुरगळलाय. नख मुळातून तुटलंय, म्हणून ओढत होता. बांधते मी." मग तिने अलगद बत्ताशाचा ओठ वर केला, आत डोकावली आणि किंचाळायच्या बेतात आली. पण किंचाळली नाही, शहाणी बाई. "अगं बाई! दात! सशांना दात असतात की! आणि हे बघा, एका बाजूचा वाढलाय केवढा! एवढी वर्षं मला दिसलाच नाही!"

पायाला पट्टी बांधून झाली. उरलं होतं खाणं. यमाजीने कोथिंबिरीची एक काडी पुढे केली. बत्ताशाने हुंगली. तोंड फिरवलं. पैलवानाचा चेहरा पडला. त्याने हात मागे घेतला नाही, पुढेही रेटला नाही. तसाच ठेवला.

बत्तासा परत वळला आणि काडीचं टोक तोंडात घेतलं. करूम. करूम. करूम.

"आक्का," यमाजी म्हणाला. जगातला हा पहिला माणूस असेल जो कुजबुजून ओरडला. "आक्का, खातोय! माझ्या मांडीवर बसून खातोय गं!"

"दिसतंय मला," आक्का म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग मान ताठ करून आजूबाजूच्यांना म्हणाली, "भाऊ कुणाचा आहे?"

तेवढ्यात केरबा आपली काळी सशीण घेऊन यमाजीच्या शेजारी येऊन बसला. बसला तो सरळ मातीत. "जरा सरका, पैलवान. मलाही शिकवा." मग हलगीवाला बसला. मग एकेक करत अख्खं उंचाडे आपापले ससे पोटाशी घेऊन खाली बसलं. आणि मग काय विचारता! टाळ्यांचा असा कडकडाट झाला, हलगी अशी घुमली, की तीन डोंगरांपलीकडे लोकांना वाटलं, वीज पडली.

त्या दिवसापासून उचलणी बंद झाली. तिच्या जागी आली 'मांडी'. आजही थंडीत एका दिवशी सगळं गाव पाराभोवती जमिनीवर मांडी घालून बसतं. आधी माणूस बसतो, मग सशाला घेतो. छातीखाली एक हात, मागे एक हात, पाय पोटाशी. खाली ठेवताना आधी मागचे पाय टेकवायचे, मग सोडायचं. उताणं करायचं नाही, कान धरून उचलायचं नाही. रंगूबाई होती तोवर ती बसूनच सगळं तपासायची, नखं बघायची, शेपटीखाली बघायची, आणि दात तर एवढे बघायची की लोक कंटाळायचे. पहिल्याच 'मांडी'ला अर्ध्या गावाच्या सशांचे दात वाढलेले निघाले.

मानाचा फेटा कुणाला मिळाला? कुणालाच नाही. यमाजीने तो कापून त्याचे तुकडे घरोघरी वाटले, ससा गुंडाळायला. हिशेब केला तर प्रत्येक घराला एक एक तुकडा पुरला आणि वर एक उरला. तो आक्काने आपल्या गुडघ्याला बांधला.

आणि यमाजी पैलवान? त्याचा गर्व गेला असं समजू नका. उलट वाढला. तो दुसऱ्या गावी गेला की छाती फुगवून सांगायचा, "आमच्या उंचाड्याची बरोबरी कुणाला जमायची नाही. आमच्याइतकं खाली बसणारं गाव पंचक्रोशीत दाखवा!"

तात्पर्य: आपल्या हातात कुणी गप्प पडलं म्हणजे त्याने आपल्यावर भरवसा टाकला असं नसतं. भरवसा हवा असेल तर आधी त्याच्या उंचीवर उतरून बसावं. मांडीवर बसून तो खायला लागला, की खुशाल गर्व करावा.

आता एक कबुली द्यायला हवी, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. पापडांवर ढग बसायचे, ते खरं आहे. फेटा गावाला वेढा घालण्याएवढा होता, तेही जवळजवळ खरं आहे. बत्तासा वासराएवढा होता, आता वासरू केवढं ते तुमचं तुम्ही ठरवा. गर्विष्ठ पैलवान सगळ्यांसमोर धुळीत झोपला, हे तुम्हाला खोटं वाटलं असेल, पण ते सगळ्यात खरं आहे.

खोटं एकच. शेवटच्या टाळ्या आणि ती हलगी. ती मी गोष्ट रंगावी म्हणून घातली. त्या दिवशी कुणीही टाळी वाजवली नाही. बत्तासा खात होता ना! हलगीवाल्याने टिपरू कधीच खाली ठेवलं होतं आणि हलगीवर दोन्ही तळवे दाबून धरले होते, चुकूनही वाजू नये म्हणून. पोरांनी आपापली तोंडं हातांनी झाकली होती. उंचाडे गाव, ज्याने कधी कुणासाठी आवाज खाली केला नव्हता, ते सगळं गाव एका सशासाठी श्वाससुद्धा जपून घेत होतं. इतकं गप्प, की कोथिंबीर चावल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

मला आला ना. मी तिथेच तर होतो.